जरा आणि व्याधी

दिल्लीत पाऊस ओसरला की म्हाताऱ्या माणसांच्या थकव्याला तीन कारणं तयार असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंगू, दिवाळीच्या आगेमागे हवा, आणि बारा महिने वय. करोल बागेत तीन पिढ्या राहिलेलं मराठी घर असो, की नागपूर-पुण्याचं घर बंद करून मुलाकडे गुडगावला किंवा नोएडाला राहायला आलेले आई-बाबा असोत, कारणं बदलत नाहीत. फिरायला गेल्यावर दम लागला तर बोट खिडकीबाहेरच्या करड्या धुराकडे जातं. दंडावर निळसर डाग दिसला आणि तपासणीत प्लेटलेट सत्तर हजार निघाल्या, तर कोपऱ्यावरच्या केमिस्टपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळे डेंगूच म्हणतात. पपईच्या पानांचा रस सुचवला जातो, बकरीच्या दुधाची शोधाशोध सुरू होते. आणि यातलं काहीच बसलं नाही तर ‘उम्र का तकाज़ा है, अंकल जी’ हे वाक्य असतंच. आपण मराठी माणसं तेच थोडं मायेनं म्हणतो, ‘बाबा, वय झालं आता, थोडं सबुरीनं घ्या.’

या तिन्ही कारणांना दिल्लीत भक्कम आधार आहे. १९९६च्या साथीत या शहरात डेंगूचे १०,२५२ रुग्ण नोंदले गेले आणि ४२३ माणसं दगावली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना प्लेटलेट म्हणजे काय हे पुन्हा कुणी समजावून सांगावं लागलं नाही. हवेबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. वयाचं म्हणाल तर सत्तरीनंतर शरीर मंदावतंच. त्यामुळे बहुतेक वेळा या तीन उत्तरांतलं एखादं बरोबरच निघतं. मला लिहायचं आहे ते या तिन्हींच्या आड एकदम लपू शकणाऱ्या आजाराबद्दल. तो आहे म्हातारपणातला तीव्र ल्युकेमिया, आणि त्यातही असा प्रकार की ज्यात हाडांतली मज्जा कॅन्सरच्या पेशींनी ठासून भरलेली नसते, उलट ओस पडलेली असते. डॉक्टर त्याला हायपोसेल्युलर किंवा हायपोप्लास्टिक अॅक्यूट ल्युकेमिया म्हणतात. तो विरळा आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा, आणि त्यांतले बहुतेक साठीच्या पुढचे.

ल्युकेमिया म्हटलं की मनात येतो तो अतिरेक. १८४५ साली बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खोनं एका शवाचं रक्त पाहिलं, त्यात पांढऱ्या पेशींचा पूर आला होता. त्याच वर्षी एडिंबरोत जॉन ह्यूज बेनेट यांनी तसंच रक्त पाहिलं आणि त्यांना तो पू वाटला. दोन वर्षांनी फिर्खोनं आजाराला नाव दिलं तेही त्या पांढरेपणावरूनच. तेव्हापासून आपल्या कल्पनेत या रोगाचं रूप दाटीचं आहे: वाढलेल्या पेशी, सुजलेली प्लीहा, गळ्यातल्या गाठी. ओस मज्जेच्या ल्युकेमियात यातलं काहीच सापडत नाही. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या ठिकाणी हजार-दीड हजार असतात. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तर प्लीहा हाताला लागत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून तासभर पाहिला तरी ब्लास्ट, म्हणजे अर्धवट घडलेल्या कॅन्सरच्या पेशी, एखाद-दोन दिसतात किंवा दिसतही नाहीत. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही आकडे खाली. आधिक्य शोधणाऱ्या नजरेसमोर फक्त उणीव येते, आणि म्हाताऱ्या माणसातली उणीव कुणाला खटकत नाही.

ती खटकत नाही याला शरीरशास्त्राचंही एक कारण आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक निरीक्षण येतं. मोठ्या हाडांच्या पोटात विशेषकरून मज्जा असते, आणि बाकीच्या हाडांत असतं ते रक्ताळलेलं मेद. आजचं शरीरशास्त्र वाचलेल्या माणसाला इथे थबकायला होतं. प्रौढ माणसाच्या मांडी-दंडाच्या लांब हाडांत पिवळी, चरबीची मज्जा असते, आणि बरगड्या, छातीचं हाड, मणके, कंबरेचं हाड यांत लाल मज्जा. रक्त या लाल मज्जेत तयार होतं हे मात्र सुश्रुताला माहीत नव्हतं. सप्तधातूंच्या क्रमात रक्त दुसरं आणि मज्जा सहावी, म्हणजे धातूंची वाट रक्ताकडून मज्जेकडे जाते. ती वाट उलटी आहे हे जगाला कळायला १८६८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी क्योनिग्सबर्गला अर्न्स्ट नॉयमन यांनी आणि इटलीत जूलिओ बिझ्झोझेरो यांनी हाडांतच रक्त जन्मतं असं दाखवलं. ल्युकेमियाचं मूळ मज्जेत असू शकतं हेही पुढे नॉयमन यांनीच मांडलं. तरी हाड फोडून, निरखून पाहणाऱ्या माणसाची नजर सुश्रुतात आहे. रक्ताळलेलं मेद म्हणजे चरबी आणि रक्त एकाच जागी नांदताना त्यानं पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्या मज्जेचं याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

कारण वय वाढतं तशी लाल मज्जेतही चरबी शिरत जाते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या मज्जेत जवळजवळ सगळी जागा रक्त घडवणाऱ्या पेशींची असते. पुढे ती आटत जाते. पॅथॉलॉजिस्टांचा एक ढोबळ हिशेब आहे: शंभरातून वय वजा करा, उरेल तितके टक्के पेशी, बाकी चरबी. सत्तर वर्षांच्या आजीच्या मज्जेत तीस टक्के पेशी असल्या तर ते ठीकच म्हणायचं. म्हणूनच वीस टक्क्यांच्या खाली पेशी असलेली मज्जा वयाच्या हिशेबानंही कमी धरली जाते. पण तीस आणि वीस यांतलं अंतर डोळ्यानं अंदाज करण्याइतकंच आहे, आणि त्या अंतरात एक जीवघेणा आजार बसू शकतो.

इथे कॅन्सर मोजण्याची रीत समजून घ्यायला हवी. मज्जेतल्या पेशींपैकी वीस टक्के किंवा अधिक ब्लास्ट असतील तर तो तीव्र ल्युकेमिया. हे वीस टक्के असतात त्या पेशींचे, जागेचे नव्हेत. दुष्काळात एखाद्या वावरात मोजकीच रोपटी उभी असावीत आणि जवळ जाऊन पाहावं तर त्यांतली निम्मी तण निघावीत, तसं. बांधावरून पाहणारा म्हणेल, पाऊस नाही म्हणून पीक नाही. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण अपुरं असतं. तण ओळखायला वावरात उतरून बसावं लागतं.

हे उतरणं म्हणजे बोन मॅरोची तपासणी. कंबरेच्या मागे, जिथे दोन्ही बाजूंना हलकी खळी पडते, तिथलं हाड बधिर करून आधी सुईनं मज्जेचा द्रव ओढतात आणि मग जाड सुईनं हाडाचा एक बारीक दंडगोल काढतात. ही जाड सुई आज जगभर जमशिदींच्या नावानं ओळखली जाते. इराणात जन्मलेल्या, अमेरिकेत काम केलेल्या खुसरो जमशिदी यांनी ती १९७१ साली पुढे आणली. ओस मज्जेत पहिला उपाय फसतो. द्रव पातळ येतो, त्यात मज्जेपेक्षा रक्तच अधिक, किंवा काहीच येत नाही. तेवढ्यावर निदान केलं तर हाती ‘पेशी कमी’ एवढंच लागतं. खरं उत्तर असतं ते दंडगोलात. तो किमान दीड-दोन सेंटीमीटर लांब हवा, कारण हाडाच्या कवचालगतची मज्जा निरोगी माणसातही रिकामी असते, आणि तुकडा आखूड निघाला तर त्या नैसर्गिक रिकामेपणालाच आपण आजार म्हणून बसू. मग तो तुकडा आम्लात मऊ करायचा, पातळ काप घ्यायचे, सीडी३४ नावाचं रंजन करायचं. चरबीच्या पांढऱ्या वर्तुळांमध्ये तपकिरी ठिपक्यांचे पुंजके दिसले तर ते ब्लास्ट. याला दोन-चार दिवस लागतात, आणि ते घरच्यांना फार जड जातात.

या तपासणीची भीती मी मराठी घरांत आणि दिल्लीच्या वेटिंग हॉलमध्ये सारखीच ऐकली आहे. ‘पाठीतलं पाणी काढतात, मग माणूस अंथरुणाला खिळतो.’ पाठीच्या कण्यातला द्रव काढणं ही वेगळी तपासणी आहे, तीही सहसा कुणाला खिळवत नाही, आणि मज्जेच्या तपासणीत सुई कण्याच्या जवळपासही जात नाही. पण म्हाताऱ्या आईवडिलांच्या बाबतीत ही भीती ‘या वयात कशाला त्रास’ या दयेच्या रूपात येते. दयेच्या रूपात आलेल्या भीतीला नाही म्हणणं फार अवघड.

तिन्ही आकडे खाली का गेले, या प्रश्नाची उत्तरं अनेक आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध दिशांना नेतात. उत्तर हिंदुस्थानात तिन्ही आकडे खाली असण्याचं एक अगदी नेहमीचं कारण म्हणजे बी-१२ किंवा फॉलिक अॅसिडची कमतरता. त्यात मज्जा ओस नसते, उलट अर्ध्या-कच्च्या पेशींनी गजबजलेली असते, आणि इंजेक्शनं घेतली की आठवड्याभरात फरक दिसू लागतो. या आजाराच्या समजुतीचा एक मोठा टप्पा आपल्या मुंबईत घडला. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे फॉलिक अॅसिड. ते पुढे १९४५ साली अमेरिकेत लेडर्ले कंपनीत ज्या गटानं कृत्रिमरीत्या बनवलं, त्याचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना त्याच जातीची द्रव्यं देऊन पाहिली तेव्हा रोग भडकल्यासारखा वाटला. त्यावरून त्यांनी उलटा विचार केला. सुब्बारावांच्याच गटानं बनवलेलं फॉलिक अॅसिडचं विरोधी औषध, अॅमिनोप्टेरिन, दिलं आणि १९४८ साली पहिल्यांदा तीव्र ल्युकेमिया काही काळापुरता का होईना, माघारी गेलेला जगानं पाहिला. गिरणीतल्या बाईच्या मज्जेला जे हवं होतं तेच त्या मुलांच्या रोगालाही हवं होतं. म्हणून आजही ‘अशक्तपणा आहे ना, मग ताकदीचं इंजेक्शन द्या’ हा सल्ला ऐकला की मला आधी मज्जेत काय चाललंय ते पाहा, असं म्हणावंसं वाटतं.

दुसरं उत्तर अॅप्लास्टिक अॅनिमिया. आपलीच प्रतिकारशक्ती मज्जेवर उलटते आणि मज्जा रिकामी होते. तिथे उपाय असतो ती प्रतिकारशक्ती दाबण्याचा. तीच औषधं लपलेला ल्युकेमिया असलेल्या माणसाला दिली तर आधीच दुबळं झालेलं अंग जंतूंच्या हवाली केल्यासारखं होतं, आणि ल्युकेमिया तसाच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दोन आजार सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. मारी क्युरी १९३४च्या जुलैत, सहासष्टाव्या वर्षी गेल्या. आधी सगळ्यांना क्षयाची शंका होती, म्हणून त्यांना आल्प्समधल्या सांसेल्मोज इथल्या आरोग्यधामात नेलं. तिथे फुप्फुसं साफ निघाली, रक्त मात्र आटत चाललं होतं. निदान झालं ते मज्जा थकल्याचं, वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गानं. त्यांची मुलगी इरेन १९५६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली ती ल्युकेमियानं. आईच्या मृत्यूला रिक्ततेचं नाव आणि मुलीच्या मृत्यूला आधिक्याचं. पुस्तकात ही दोन प्रकरणं दूरदूर असतात, एका घरात ती शेजारी होती.

किरणोत्सर्गाचा असा आघात दिल्लीनंही आपल्या भंगारबाजारात पाहिला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९७० सालापासून असलेलं आणि १९८५ नंतर न वापरलेलं कोबाल्ट-६०चं एक यंत्र २०१० साली लिलावात विकलं गेलं आणि मायापुरीच्या भंगारवाल्यांकडे पोचलं. शिसं मिळावं म्हणून ते फोडलं गेलं. आत काय आहे हे तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या एप्रिलमध्ये माणसं रुग्णालयांत दाखल झाली, त्यांच्या कातडीवर भाजल्याच्या खुणा होत्या आणि रक्तातल्या पेशी कोसळल्या होत्या. त्यांच्यातला एक जण वाचला नाही. अंगात सतत नवं घडवणारे जे अवयव आहेत ते असे आघात आधी सोसतात, आणि मज्जा त्यांत अग्रभागी असते. मायापुरीतली ती माणसं तरुण होती, म्हणून ‘वय झालं’ असं त्यांच्या बाबतीत कुणी म्हटलं नाही. डॉक्टरांनी लगेच कारण शोधलं, आणि ते सापडलं. सत्तरीतल्या माणसाच्या तशाच आकड्यांपुढे आपण तेवढ्या तातडीनं कारण शोधतो का?

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतलं दुःख ओळखायला सांगितलं आहे. जरा आणि व्याधी तिथे शेजारी आहेत, पण वेगवेगळ्या मोजल्या आहेत. एकीत दुसरी गृहीत धरलेली नाही. ज्ञानेश्वरांनी त्या ठिकाणी जरेचं जे वर्णन केलं आहे ते वाचताना अंगावर काटा येतो: ऐन तारुण्यात असलेला माणूस पुढे आपलं हे अंग काय होणार आहे ते आधीच बघून ठेवतो. हे लिहिणारा स्वतः एकविशीत समाधिस्थ झाला, म्हणजे जी जरा त्यानं इतकी बारकाईनं पाहिली ती त्याच्या वाट्याला आलीच नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांतही जरेचं अंग कायचिकित्सेहून निराळं काढलेलं आहे. जुन्या विचारानं जपलेला हा भेद आपल्या घरांत पुसला गेला आहे. जिथे व्याधी आहे तिथे आपण जरा म्हणतो, आणि म्हणताच शोध थांबतो.

पण इथे मला स्वतःलाच एक अडचण दाखवून द्यावीशी वाटते. हा भेद म्हणजे भिंत नव्हे. २०१४ साली दोन मोठ्या अभ्यासांतून असं दिसलं की सत्तरी ओलांडलेल्या दर दहांपैकी साधारण एका माणसाच्या रक्तात एखादी बदललेली मूळ पेशी आपली प्रजा वाढवत असते. माणूस धडधाकट असतो, रक्ताचे आकडे ठीक असतात, पण डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जनुकांत बदल झालेला असतो. अशांपैकी फारच थोड्यांना, वर्षाला शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना, पुढे रक्ताचा कॅन्सर होतो. म्हणजे व्याधीचं बी जरेतच पडलेलं असतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते तिथेच राहतं. त्यामुळे ‘हे वयामुळे’ हे वाक्य पेशीच्या पातळीवर पूर्ण खोटं म्हणता येत नाही. मला ते खटकतं ते त्याच्यापुढे येणाऱ्या पूर्णविरामामुळे.

एवढं मात्र प्रत्येक घर करू शकतं. डेंगूत खाली गेलेल्या प्लेटलेट ताप उतरल्यावर आठवड्याभरात वर येऊ लागतात. दोन आठवड्यांनीही त्या तिथेच राहिल्या, किंवा प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही खाली असल्या, तर डेंगू एवढंच उत्तर पुरेसं नाही. दुसरं, जुना रिपोर्ट शोधणं. नागपूरच्या घरी कपाटात राहिलेल्या फायलीत तीन वर्षांपूर्वीचा रक्ताचा अहवाल असतो, आणि त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच कळतं की उतार केव्हा सुरू झाला, लाल पेशींचा आकार आधीपासून वाढत होता का. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचा घरचा डॉक्टर मागे सुटतो, आणि त्याच्याबरोबर ही तुलनाही सुटते. नव्या शहरात प्रत्येक आकडा एकटा असतो.

दिल्लीत रुग्णालयांची वाण नाही. १९५६चं एम्स आहे, त्याच्या समोर १९४२ साली अमेरिकी सैन्यासाठी उभारलेलं सफदरजंग आहे, रोहिणीत १९९६पासून राजीव गांधी कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, आणि २०१९पासून झज्जरच्या बाढसा गावात एम्सचीच राष्ट्रीय कॅन्सर संस्था. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. पाश्चात्त्य देशांत तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांचं मध्यम वय अडुसष्टच्या आसपास असतं. आपल्या रुग्णालयांच्या नोंदींत ते चाळीस किंवा त्याहूनही कमी निघतं. आपली लोकसंख्या तरुण आहे हे त्याचं मोठं कारण, हे मान्य. पण तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. गाझियाबादच्या पुढच्या गावात, झज्जरच्या वाटेवर, आणि आपल्याकडे बीड-यवतमाळात, कितीतरी म्हातारी माणसं निदानाच्या दारापर्यंत येतच नाहीत. त्यांच्या मृत्यूचं कारण घरचे सांगतात ते म्हातारपण.

निदान झालं की वय पुन्हा येतं, आणि या वेळी त्याला टाळून चालत नाही. तीव्र ल्युकेमियाची जुनी, कडक केमो आठवडाभराची असते. सायटाराबिन सात दिवस आणि डॉनोरुबिसिन तीन. पंचाहत्तरीतलं हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस ती सहसा पेलत नाही. ओस मज्जेच्या रुग्णात प्रश्न आणखी कठीण, कारण औषधानं मज्जा साफ केल्यावर ती पुन्हा भरून काढायला निरोगी पेशी आधीच मोजक्या असतात. १९७०-८०च्या दशकांत या प्रकाराची जी पहिली वर्णनं आली, त्यांत काही रुग्णांचा आजार महिनोन्‌महिने मंद राहिल्याचं दिसतं. म्हणून डॉक्टर कधी फक्त रक्त देत थांबत, कधी सायटाराबिनची अगदी कमी मात्रा देत. नंतरच्या अभ्यासांतून कळलं की उपचार केले तर या रुग्णांचं भवितव्य भरलेल्या मज्जेच्या ल्युकेमियापेक्षा फारसं वाईट नसतं. मला हे कळलं तेव्हा मोठा दिलासा वाटला, कारण ओस मज्जा पाहून हात आखडता घ्यायची जी सवय होती, तिला यानं धक्का दिला.

म्हातारपणातल्या ल्युकेमियाचं चित्र २०२०च्या आसपास पालटलं. प्राग इथे १९६४ साली बनवलेलं अॅझासायटिडिन नावाचं औषध आणि त्याच्या जोडीला व्हेनेटोक्लॅक्सची गोळी. ४३१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांचं मध्यम वय शहात्तर होतं, या जोडीनं मध्यम आयुष्य ९.६ महिन्यांवरून १४.७ महिन्यांवर नेलं. पाच महिन्यांचा हा फरक कुणाला थोडा वाटेल. ज्या घरात नातीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं आहे तिथे तो थोडा नसतो. अॅझासायटिडिन सात दिवस त्वचेखाली टोचून डे-केअरमध्ये देता येतं. गोळ्या घरी घेता येतात. बुरशीच्या बंदोबस्तासाठी जी औषधं सोबत असतात त्यांतली काही व्हेनेटोक्लॅक्सचा असर वाढवतात, त्यामुळे चारशे मिलिग्रॅमऐवजी शंभर किंवा त्याहून कमी मात्रा पुरते. आपल्याकडचे डॉक्टर याचा विचारपूर्वक उपयोग करतात, खर्च कमी करण्यासाठीही. बुरशीचा बंदोबस्त तर दिल्लीत हवाच. जिथे दर गल्लीत इमारत पाडली जाते आणि दर चौकात रस्ता खणला जातो, तिथे पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसासाठी धूळ म्हणजे अॅस्परजिलस नावाची बुरशी.

सुझन सोन्टाग यांची गोष्ट इथे आठवते. आजारांवर आपण चढवलेल्या रूपकांविरुद्ध १९७८ साली पुस्तक लिहिणारी ही लेखिका, दोन कॅन्सरमधून आधी बाहेर पडलेली. २००४ साली मज्जेचा आजार निघाला आणि तो ल्युकेमियाकडे वळला. एकाहत्तरीत त्यांनी सिअॅटलला जाऊन मज्जारोपण करून घेतलं आणि त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या मुलानं, डेव्हिड रीफनं, त्या महिन्यांवर लिहिलेलं पुस्तक वाचून मला वाटलं की वयाला मुळीच न जुमानणं हाही एक प्रकारचा आंधळेपणा होऊ शकतो. तरीही मी त्यांना चूक म्हणणार नाही. निर्णय त्यांचा होता, आणि त्या सगळं समजून बोलत होत्या.

आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे. रिपोर्ट येतो, मुलगा डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतो आणि हळूच म्हणतो, ‘डॉक्टर, बाबांना कॅन्सर म्हणू नका. रक्त कमी आहे एवढंच सांगा.’ डॉक्टरही ते मान्य करतात. मग बाबा आठवड्यातून दोनदा रक्त घ्यायला येतात, प्लेटलेटसाठी डोनर शोधले जातात, तोंड आलेलं असतं, रात्री हुडहुडी भरते, आणि हे सगळं कशासाठी ते त्यांना ठाऊक नसतं. ठाऊक नसतं असं घरच्यांना वाटतं. सत्तर वर्षं जगलेला माणूस सुनेच्या आवाजावरून ओळखतो. तो विचारत नाही, कारण विचारलं तर मुलाला खोटं बोलावं लागेल. अशा वेळी केमो घ्यायची, की फक्त रक्त घेत घरी राहायचं, की नातवाच्या परीक्षेपर्यंत थांबून मग सुरू करायचं, हे प्रश्न त्या माणसाला सोडून सगळ्यांना विचारले जातात. शोधताना आपण वयाचं नाव पुढे करून थांबलो होतो, आता वयाचं नाव पुढे करून त्याला बाहेर ठेवतो.

औषधाच्या पहिल्या खेपेनंतर तीन-चार आठवड्यांनी मज्जा पुन्हा तपासतात. भरलेल्या मज्जेच्या ल्युकेमियात तेव्हा रिकामी मज्जा दिसली की डॉक्टरांचा चेहरा खुलतो, कारण रोग धुऊन निघालेला असतो. ओस मज्जेच्या रुग्णात मात्र आधीही रिकामं, नंतरही रिकामं. फरक कळतो तो फक्त त्या तपकिरी ठिपक्यांवरून, आणि पुढच्या दोन आठवड्यांत आकडे वर येतात की नाही त्यावरून. हा अहवाल वाचायला कठीण आहे, पण समजावून सांगायला कठीण नाही. ‘काय निघालं?’ असं बाबांनी स्वतः विचारलं असेल, तर त्यांच्याकडे पाहून एवढं सांगता येतं: मज्जा अजून रिकामी आहे, पण या खेपेला त्यात वाईट पेशी दिसल्या नाहीत. पुढचं इंजेक्शन आकडे वर आल्यावर. तोवर ताप शंभराच्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.